अंगाला साबण आणि गिझरची टिकटिक

नोव्हेंबर लागला की आमच्याकडे अलार्म लावायची गरज पडायची नाही. पाच पन्नासला बाथरूममधून टिक टिक टिक टिक भप्प असा आवाज यायचा आणि अख्ख्या घराला कळायचं की आईची आंघोळ सुरू झाली. टिकटिक म्हणजे गॅस गिझरची ठिणगी आणि भप्प म्हणजे बर्नर पेटला. या दोन आवाजांच्या मध्ये किती वेळ जातो त्यावर आमचा दिवस कसा जाणार ते ठरायचं.

आम्ही राहतो नाशिकच्या पाथर्डी फाट्याला. थंडीत रोज सकाळी कोणीतरी ग्रुपवर निफाडचा पारा टाकतं, तिकडे शेतकरी द्राक्षं वाचवायला बागेत शेकोट्या पेटवून बसतात आणि इकडे आपण गादीत पडून "बापरे आज किती खाली गेलाय" म्हणत अजून दहा मिनिटं पांघरूण ओढतो. मुद्दा हा की टाकीतलं पाणी त्या दिवसांत असं असतं की हात घातला तर बोटं आपली आहेत का ते मोजून बघावं लागतं.

तर असाच एक दिवस. डिसेंबरचा. डोक्याला शाम्पू, अंगाला साबण, डोळे बंद, आणि गरम पाणी अचानक थंड. मी अंदाजाने नळ बंद करून परत चालू केला. टिक टिक टिक टिक टिक टिक. भप्प नाही. परत केलं. टिक... टिक...... टिक. म्हातारा माणूस जिना चढताना थांबत थांबत चढतो तसं. नंतर तेही बंद.

"अगं ए, किचनमधला नळ बंद कर!" मी आतून ओरडलो. कारण या गिझरला पाण्याचा दाब लागतो, पाणी जोरात आलं की आतला पडदा ढकलला जातो, त्याने गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि मग ठिणगी पडते. कुणी दुसरीकडे नळ सोडला, दाब कमी झाला, की गिझर मान टाकतो. म्हणून आमच्या घरात नियम आहे, एकाची आंघोळ चालू असताना बाकीच्यांनी पाण्याला हात लावायचा नाही. आणि बायकोची डबे घासायची वेळ बरोब्बर सात दहा, जी माझी आंघोळीची वेळ. यावर लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तोडगा निघालेला नाही.

"नळ बंदच आहे, सेल संपले असतील," बाहेरून उत्तर आलं.

गिझरला दोन सेल लागतात, ते टॉर्चचे जाडे सेल. पोराने दाराच्या फटीतून टीव्हीच्या रिमोटचे बारके सेल सरकवले. मग भिंतीवरच्या घड्याळातला काढून आणला. त्याचा उत्साह बघून मला भरून आलं पण त्या जागेत ते असे खुळखुळत होते की बस्स. आई म्हणाली रामकुंडावर लोक पहाटे गोदावरीत डुबकी मारतात, तुला एक तांब्या ओतवत नाही का? मी ओतला. तोंडातून जो आवाज निघाला त्यानंतर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन करून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

खाली किराणा दुकानात सेल मिळाले. घातले. भप्प झालं. पण हे भप्प जरा मोठं होतं, आणि खिडकीतून डोकावल्यासारखी जी ज्योत दिसते ना गिझरच्या त्या छोट्या भोकातून, ती पिवळी. मला वाटलं छान, दिवाळीसारखी.

इथे जरा बंबाबद्दल सांगतो. आमचे आजोबा जुन्या नाशकात राहायचे, तांबट लेनजवळ, त्यांच्याकडे आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. मधोमध नळी, खाली जाळी, त्यात ढलप्या, कणसाची बुरकंडं, जे हाती लागेल ते. तो बंब धुरायचा की विचारू नका. म्हणून त्याची जागा मागच्या अंगणात, डोक्यावर आभाळ. पाणी नसताना आत विस्तव राहिला तर झाळलेला जोड सुटायचा आणि आजी ज्याच्या हातून ते झालं त्याचा उद्धार आठवडाभर करायची. त्या बंबाला सगळे घाबरून असायचे, कारण तो घाबरवायचा. डोळ्यात पाणी आणायचा, खोकायला लावायचा. आता हा गिझर बघा, पांढरा डबा, वर सूर्य आणि बर्फाचं चित्र, काय शहाणा दिसतो. धूर नाही, वास नाही, राख नाही. आपण त्याला बाथरूममध्ये डोक्यावर टांगून घेतला आणि कडी लावून आत बसलो.

तर सेल घातल्यावरही आठवड्यातून दोनदा तो रुसायला लागला. सिलिंडर, जो आधी दीड महिना जायचा, तो पंचवीस दिवसांत उडायला लागला, १४.२ किलो, आणि जातंय कुठे कळेना. मी बायकोला म्हटलं तू आंघोळ फार वेळ करतेस. तिने फक्त बघितलं. तिला त्या दिवसांत तसंही बरं नसायचं, केस धुतले की डोकं धरायचं, मळमळायचं. आई म्हणायची पित्त. काकू म्हणायच्या नजर लागली. मी म्हणायचो मोबाईल कमी बघ. प्रत्येकाने आपापल्या लायकीचं निदान केलं होतं.

सोसायटीच्या ग्रुपवर विचारून मेकॅनिकचा नंबर मिळवला. "निघालोय दादा, त्र्यंबक नाक्यावर आहे, पाच मिनिटं." हे मंगळवारी. गुरुवारी आला. तरुण पोरगा, कानात इअरफोन, तोंडात बडीशेप. आल्या आल्या झाकण खोललं आणि म्हणाला, "आहाहा." आत काजळी. तांब्याच्या कॉइलवर बोरवेलच्या पाण्याचा क्षार, आणि बर्नरच्या तोंडाशी हवा आत जायच्या जागेत कोळ्याचं जाळं, नीट बांधलेलं, त्यात एक वाळकी माशी सुद्धा. "दादा, गॅस जळायला पंचवीस-तीस पट हवा लागते. इथं ह्याने दुकान टाकलंय. ज्योत निळी पाहिजे. पिवळी म्हणजे अर्धवट जळतंय."

मी दिवाळीवालं काही बोललो नाही.

मग त्याने वर बघितलं. आमच्या बाथरूमला उंचावर काचेच्या पट्ट्यांची खिडकी आहे. आईने थंडी आत येते म्हणून दसऱ्यानंतर त्या पट्ट्या बंद करून, वर पुठ्ठा लावून, पुठ्ठा हलू नये म्हणून जुनी उशी कोंबली होती. एक्झॉस्ट फॅनच्या भोकात कबुतरं यायची म्हणून तिथे माझा जुना टी-शर्ट. दाराखाली पायपुसणं, वारा लागू नये म्हणून. इतकं मन लावून बंद केलेलं बाथरूम मी तरी दुसरं बघितलं नाही.

मेकॅनिकने कानातले इअरफोन काढले.

"आंघोळीनंतर कोणाचं डोकं दुखतं का घरात?"

सगळ्यांनी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "मला पित्त आहे."

"बाहेर आल्यावर, जरा गॅलरीत बसल्यावर बरं वाटतं?"

"हो."

"वहिनी, ते पित्त नाही."

आई हातातली लसूण सोलायची थांबली. त्याने सांगितलं, कार्बन मोनॉक्साइड. हवा कमी पडली की तयार होतो, दिसत नाही, वास येत नाही, माणसाला नुसती गुंगी येते, आणि कडी आतून असते. सिलिंडरच्या गॅसला जो वास असतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. जळल्यानंतर हा जो होतो त्याला कुणी वास मिसळलेला नसतो. "धूर दिसला असता तर तुम्ही पहिल्या दिवशीच दार उघडून पळाला असता ना. दिसत नाही म्हणून तर." एवढं बोलून तो स्टुलावर चढला आणि उशी काढायला लागला, आणि आई खालून म्हणाली, "हळू, कापूस सांडेल."

त्या रात्री मी मोबाईलवर वाचत बसलो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या मोनॉक्साइडला दोनशेपट जास्त घट्ट धरतं म्हणे. मला अकरा वर्षांतली सात दहाची सगळी भांडणं आठवली. ती डबे घासायला नळ सोडायची आणि गिझर बंद पडायचा, त्या प्रत्येक वेळी मी आतून शिव्या घातल्या होत्या. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

नळीची वेगळी गोष्ट. ती केशरी सुरक्षा नळी असते ना, तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायची असते, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, आमची सात वर्षांची होती आणि वाकवली की सुरकुत्या पडायच्या. मेकॅनिकने वाटीत साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने सगळ्या जोडांवर लावलं. पोरगं तिथेच नाक लावून. रेग्युलेटरपाशी हळूच एक बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. "पप्पा फुगा!" तो नाचायलाच लागला. शेजारचे काका बघायला आले होते, ते म्हणाले साबण कशाला, काडी ओढून फिरवायची, लगेच कळतं. मेकॅनिकने त्यांच्याकडे असं बघितलं की काका "दूध उतू जातंय वाटतं" म्हणून गेले. नंतर त्याने पोराला पढवलं, वास आला तर बटणांना हात लावायचा नाही, चालू करायचं नाही बंदही करायचं नाही, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर जायचं, आणि १९०६ ला फोन. गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीशी बसतो. पोराने लगेच जाड मार्करने १९०६ लिहिलं. सिलिंडरवर. म्हटलं अरे तो परत जाणार, तर म्हणे मग दुसऱ्या लोकांना पण कळेल ना. मी गप्प. मग फ्रीजवर पण लिहायला लावलं.

शेवटी ठरलं की गिझर बाथरूममधून काढून ड्राय बाल्कनीत लावायचा, मोकळ्या हवेत, आणि भिंतीतून फक्त गरम पाण्याचा पाईप आत आणायचा. ऐकायला किती सोपं. चार दिवस आम्ही शेगडीवर पातेली तापवून हॉलमधून "सरका सरका गरम गरम" करत मिरवणूक काढली. भोक पाडताना टाईल फुटली, एक नाही तीन. निळ्या फुलांची टाईल, ती आता कुठेच मिळत नाही, अख्खं सिडको पालथं घातलं, शेवटी तिथे हिरव्या द्राक्षांची टाईल बसलीय. नाशिक आहे, शोभतं, असं दुकानदार म्हणाला. नवी नळी, वॉशर, पाईप, भोक, द्राक्षं धरून ३,५०० रुपये. बायकोचं पित्त आठवड्यात गेलं, त्याचे पैसे नाही धरले.

आता नवीन भानगडी. पाईप लांब झाल्यामुळे पहिली अर्धी बादली थंडच येते, ती आई झाडांना घालायला ठेवते आणि कुणी ओतून दिली तर विचारते. टिकटिक आता बाथरूममध्ये ऐकूच येत नाही त्यामुळे पेटला की नाही ते पाण्यात बोट घालूनच कळतं. ऐकू येते ती वरच्या काकूंना, कारण त्यांची बाल्कनी बरोब्बर वर. परवा लिफ्टमध्ये भेटल्या तर म्हणाल्या, रविवारी तुमच्याकडे तीनच वेळा वाजलं, चौथं कोण राहिलं? मी मिसळ खायला गेलो होतो म्हणून सांगितलं. त्यांना पटलेलं नाही.

आणि खिडकी उघडी म्हणून बाथरूममध्ये जो वारा येतो ना, अंग पुसताना जीव जातो. पण उशी परत लावायचं नाव कुणी काढत नाही. आईसुद्धा नाही. ती उशी तिने धुवून, वाळवून, कापूस पिंजून आणून नवीन केली.

काल सकाळी गिझर पेटेना. पाणी जोरात, सेल नवे, सिलिंडर भरलेला. टॉवेल गुंडाळून कुडकुडत बाल्कनीत गेलो तर गिझरच्या डोक्यावर, जिथून गरम हवा बाहेर पडते बरोब्बर तिथे, दुधाच्या पिशव्या कापून शिवलेली टोपी. नाडीसकट.

"आई, हे काय आहे?"

"दव पडतं रे रात्री. गंज धरेल बिचारा."

मी सगळं परत समजावलं, मोनॉक्साइड, कोळी, पंचवीस-तीस पट हवा, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि टोपी काढली. आज सकाळी बघितलं तर टोपीला वर कात्रीने गोल भोक पाडलं होतं, आणि टोपी गिझरवर.