बॅकअप हिरवा, पण संध्याकाळची पिग्मी कुठे?

सीमाभागातल्या सोसायट्या, सौहार्द (कर्नाटकातल्या सहकारी संस्था) आणि कारखान्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींत एक मेसेज फिरतोय. सार एवढंच: बॅकअपचं मोठं सॉफ्टवेअर रात्री अख्खा सर्व्हर उचलतं, मग डेटाबेसचा वेगळा बॅकअप कशाला? कॉन्सोलवर हिरवी खूण दिसली की निवांत झोपा. रेड (एका सर्व्हरमध्ये अनेक डिस्कांवर डेटा ठेवणं) आणि रेप्लिका (डेटाबेसची सतत जुळत राहणारी दुसरी प्रत) असेल तर तेवढंही नको. निपाणीपासून खानापूरपर्यंत तो पोचलाय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"सर्व्हर उचलला म्हणजे डेटाबेस आलाच." विंडोजवर एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) असेल आणि स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, व्हीएसएसमार्फत (डेटाबेसला सांगून प्रत घेणारी विंडोजची सोय) नीट होत असेल, तर हे मान्य. लिनक्सवर चालू ओरॅकल डेटाबेसच्या नुसत्या फाइली कॉपी केल्या, तर अजिबात नाही. ओरॅकलचा ब्लॉक, म्हणजे डेटा ठेवायचा एक तुकडा, सहसा ८ केबीचा. कॉपी चालू असताना त्यावर लिहिलं गेलं की अर्धा जुना, अर्धा नवा उचलला जातो. शिवाय पहिली फाइल एक वाजताची, शेवटची पावणेदोनची, त्यांचा आपसात मेळ नाही. आरमॅन हे ओरॅकलचं स्वतःचं बॅकअपचं साधन; तो असा फाटका ब्लॉक ओळखून पुन्हा वाचतो. नेटबॅकअपसारखी सॉफ्टवेअरं ओरॅकलसाठी आरमॅनला जोडून घेतात ती काही हौस म्हणून नव्हे.

"रात्रीचा एक पुरतो." खरी गोम इथे आहे. पिग्मीचे, म्हणजे रोजच्या छोट्या ठेवीचे, एजंट संध्याकाळी मशीन घेऊन येतात, कलेक्शन पोस्ट होतं. साडेसातला डिस्क गेली, तर रात्री एकच्या बॅकअपमध्ये आजचं काहीच नाही. काउंटरच्या पावत्या, कर्जाचे हप्ते, पिग्मी, सगळं पुन्हा बसून टाका. लॉगचा (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीचा) बॅकअप दर १५ मिनिटांनी दुसऱ्या मशीनवर जात असेल तर फार तर तेवढंच जातं. त्यासाठी लॉग जपून ठेवले जायला हवेत: एसक्यूएल सर्व्हरचं रिकव्हरी मॉडेल फुल हवं, ओरॅकल आर्काइव्हलॉग मोडमध्ये हवं. होतं काय, आर्काइव्हची डिस्क एकदा भरते, डेटाबेस अडकतो, काउंटरवर आरडाओरडा होतो आणि कुणीतरी तो मोडच बंद करून मोकळा होतो. मग आरमॅन चालू डेटाबेसचा बॅकअप घ्यायला सरळ नकार देतो: एरर ओआरए-१९६०२. मोड बंद करायचं कारणच नाही. आर्काइव्ह लॉग वारंवार बॅकअपला पाठवा आणि गेलेले लॉग आरमॅनलाच काढू द्या.

एसक्यूएलवाल्यांसाठी आणखी एक खोच. सॉफ्टवेअर रात्री व्हीएसएसने फुल (पूर्ण बॅकअप) घेतं. इकडे ऑपरेटर रविवारी स्वतः फुल आणि रोज दुपारी डिफरन्शियल (शेवटच्या फुलनंतरचे बदल) घेतो. रात्रीचा फुल कॉपी-ओन्ली (बाकी बॅकअपच्या साखळीला हात न लावणारा) नसेल, तर दुपारचा डिफरन्शियल त्याच्यावर टेकतो, रविवारच्या फुलवर नाही. तो रविवारच्या फुलवर रिस्टोअर करायला गेलात की एरर ३१३६. लॉगसुद्धा दोघांनी घेतले तर साखळीचे तुकडे दोन ठिकाणी. कोण घेणार ते एकदाच ठरवा.

"हिरवी खूण." ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (प्रोग्रामचा कोड ठेवणारी सेवा) पोस्टग्रेस डेटाबेसचा चालू डेटा चुकून उडवला गेला. रोजचा डम्प (डेटा बाहेर काढून ठेवलेली फाइल) आवृत्ती न जुळल्यामुळे आधीपासून फेल होत होता आणि फेल झाल्याचे मेल कुणाला पोचतच नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. तिथे तर खूण बघायलाही कुणी नव्हतं, पण खूण असती तरी जॉब संपला एवढंच कळलं असतं. बॅकअप तपासायची एसक्यूएलची आज्ञा व्हेरिफायओन्ली, तीही बॅकअप वाचता येतो इथपर्यंतच सांगते. दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा, चेकडीबी (डेटाबेस शाबूत आहे का तपासणारी आज्ञा) चालवा, कालची तेरीज (खात्यांच्या शिलकांचा गोषवारा) जुळते का बघा. आपल्याकडे सभासदांची नावं मराठीत आणि कन्नडमध्ये. डम्पवर भिस्त असेल तर तीही उघडून पाहा. ओरॅकलच्या जुन्या एक्स्पोर्टला एनएलएस-लँग (भाषा आणि अक्षरसंचाचं सेटिंग) चुकीचं दिलं की नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते.

"रेड आणि रेप्लिका." चुकीचा डिलीट रेप्लिकावर क्षणात पोचतो. आणि २०१९ च्या ऑगस्टचा पूर पाहिलेल्या माणसाला, सर्व्हरसोबत रेडच्या सगळ्या डिस्काही बुडतात, हे वेगळं सांगायला नको.

राहिला खर्च. बॅकअप सॉफ्टवेअरच्या डेटाबेस एजंटचं (डेटाबेसला जोडून घेणाऱ्या भागाचं) लायसन्स परवडत नसेल तर एसक्यूएल सर्व्हरचा स्वतःचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि त्या फाइली सॉफ्टवेअरला उचलू द्या, संचालकांसमोर नवं कोटेशन ठेवावं लागत नाही. फक्त पलीकडे डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवणं) असेल तर इकडचं कॉम्प्रेशन बंद ठेवा, नाहीतर रोजची फाइल त्याला नवीनच दिसते आणि जागा महिनाभरात भरते.