बाईंना शाळेतच भेटा
नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की फोंड्यातल्या आमच्या शाळेतील आठवीची मुले मला इन्स्टाग्रामवर विनंत्या पाठवू लागतात आणि मी त्या स्वीकारल्या नाहीत, तर पालकच विचारतात, ‘‘बाई, मुलांवर रागावलात काय?’’ मुळीच नाही! २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. मग त्या बालकाशी शिक्षकाने रात्री अकरा वाजता, पालकांच्या नकळत, खासगी संदेशांतून बोलावे, ही अपेक्षा कुठून येते? गृहपाठाची शंका असेल तर पालकही असलेला वर्गाचा व्हॉट्सॲप गट आहे, शिवाय मधल्या सुट्टीत शिक्षककक्षाचे दार उघडेच असते. माझ्या घरी चतुर्थीला गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगलेल्या माटोळीचे फोटो विद्यार्थ्यांनी पाहावेत आणि त्यांच्या मिरामारच्या सहलीचे मी, याची गणित शिकवण्यासाठी काडीचीही गरज नाही.