कृपया खायला देऊ नये

डाएट करायचंच असेल तर माणसानं निदान नाशकात करू नये. या गावात रविवारची सकाळ मिसळीची, यावर कुणाचं दुमत नाही. भांडणं होतात ती पुढे: काळ्या रश्श्याची की लाल, चुलीवरची की गॅसवरची, आणि पापड आधी चुरायचा की शेवटी. अशा गावात "मी रविवारी ओट्स खाते" असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "रिपोर्टमध्ये काही निघालं का?"

रिपोर्टमध्ये काही निघालेलं नाही. तक्रार फक्त ब्लाउजांची आहे.

म्हणून मी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाते. तिथं आमचा एक घोळका आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, ओझरच्या विमान कारखान्यात, एचएएलमध्ये, आयुष्य काढलेले एक भाऊ, सोसायटीतल्या वहिनी आणि मी. पहिली फेरी वजनावर बोलण्यात जाते, दुसरी गुडघ्यांवर. तिसऱ्या फेरीला कुणीतरी सहज म्हणून नाश्त्याचं काढतं आणि सगळ्यांचे पाय आपोआप गेटकडे वळतात.

वजनाच्या बाबतीत उभ्या महाराष्ट्रात झाले तसे आमच्या घोळक्यातही दोन पंथ झालेत. काका डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे. दिवसातून दोनदाच जेवायचं, काय ते ५५ मिनिटांत आटपायचं. वहिनी ऋजुता दिवेकरांच्या. दर दोन तासांनी थोडं थोडं. वहिनींच्या पर्समध्ये शेंगदाणे-गुळाची डबी असते आणि काकांच्या मनगटावर घड्याळ.

"काका, परवा लग्नात पंगत लांबली, तेव्हा काय केलंत हो?"

"घड्याळ पहिल्या घासापासून लागतं. मठ्ठा आला तेव्हा एकावन्नावं मिनिट होतं. जिलब्या बसवल्या उरलेल्या वेळात."

"किती?"

"वेळ मोजतो मी. जिलब्या मोजायला कुठं सांगितलंय?"

मला दोघंही तळमळीनं सल्ला देतात आणि मी मोडता घालत नाही. अडचण एवढीच, की दोघांचंही मनापासून ऐकलं तर दोन पोटभर जेवणं होतात आणि मधल्या वेळेत दर दोन तासांनी डबी उघडावी लागते.

तशात सुट्टीला भाचा आला. त्याला प्राणी बघायचे होते. बिबट्या बघायला नाशिककराला तिकीट लागत नाही. उसातून उठून तोच अधूनमधून वस्तीत डोकावून जातो. पण भाच्याला वाघ आणि पेंग्विन हवे होते, म्हणजे मुंबईची राणीची बाग. ट्रॅकवर सांगितल्याबरोबर सूचना सुरू झाल्या. बुधवारी जाऊ नका, बंद असते, ही त्यातली एकच सूचना प्राण्यांशी संबंधित होती. बाकीच्या सगळ्या वाटेत कुठं काय मिळतं याच्या. "आणि इगतपुरीचा वडा चुकवू नका," हे काकांनी सांगितलं. वेळ ५५ मिनिटांत बसत नसतानाही सांगितलं, यावरून वड्याची योग्यता कळावी.

मी निश्चयानं डबा भरला. काकडी, गाजर, मोडाचे मूग. पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडहून सुटली आणि समोरच्या बाईंनी फडकं सोडलं. बाजरीची भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि ठेच्यातून सुटून भाकरीच्या पापुद्र्यात उतरलेलं शेंगदाण्याचं तेल. मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर द्राक्षांच्या बागा.

"घ्या ना ताई, एवढुशी."

"नको हो, डाएट चाललंय."

"अहो, घरचं आहे हे. घरच्यानं काही होत नाही."

आपल्याकडे हे शास्त्र सगळ्यांना पाठ आहे. घरचं असेल तर वजन वाढत नाही, उभ्यानं खाल्लं तर वाढत नाही, आणि दुसऱ्याच्या ताटातलं खाल्लं तर त्याचं वाढतं. आमचे हे म्हणाले, "त्या एवढ्या म्हणतायत तर अर्धी घे." त्यांना दीड मिळाली.

दादरला उतरून लोकलनं भायखळा गाठलं. राणीची बाग १८६२ सालची. झाडं अशी, की गेटातून आत शिरलं की मुंबईच मागे पडते. भाच्याला झाडांचं काही नव्हतं, तो ओढत थेट पाणघोड्याकडे घेऊन गेला. पाणघोडा अर्धा पाण्यात होता. वरचा अर्धाच एवढा होता, की खालच्याचा विचार करवेना.

"मावशी, हा काय खातो?"

"गवत. रात्रीतून चाळीसेक किलो."

"फक्त गवत? तळलेलं काही नाही?"

"काही नाही."

त्यानं दीड टनाच्या त्या शाकाहारी देहाकडे बघितलं, मग माझ्या डब्यातल्या काकडीकडे. बोलला काही नाही. पोर समजूतदार आहे.

वाघ सावलीत आडवा होता. बऱ्याच प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस मांस देतच नाहीत, कारण जंगलात काही रोज शिकार साधत नाही. उपास म्हणजे उपास. साबुदाण्याची खिचडी नाही, वऱ्याचे तांदूळ नाहीत, बटाट्याचा कीस नाही. नाहीतर आम्ही! एकादशी जवळ आली की मेन रोडला सायंतारामधल्या साबुदाणावड्याची आठवण ज्यांना होत नाही, त्यांनी खुशाल नाशिककर असल्याचा दाखला परत करावा.

पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातून इथं आले. मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे, राहायला थंडगार एसी, खायला मासे. वर्षातून एकदा त्यांची सगळी पिसं एकदमच झडतात. नवी येईपर्यंत पाण्यात उतरता येत नाही, मग उपास. म्हणून आधीच खाऊन खाऊन गुबगुबीत होतात, असं मी भाच्याला सांगितलं. "एकादशी अन् दुप्पट खाशी," हे म्हणाले. काचेपलीकडून एक पेंग्विन त्यांच्याकडे बराच वेळ बघत होता.

पण मला सगळ्यात आवडला तो हरणांच्या कुंपणाजवळचा रखवालदार. प्राण्यांना खाद्यपदार्थ देऊ नयेत, अशी पाटी होती. एका गृहस्थांनी तरी वेफरच्या पुड्यातला हात कुंपणाकडे नेलाच. रखवालदारानं शिट्टी फुंकली. एकच, आखूड. गृहस्थांनी वेफर स्वतःच्या तोंडात टाकला आणि पुढे चालू लागले. "एवढ्यानं काय होतंय," नाही. "माझ्या हातचा एक," नाही. "बारीक दिसतंय हो हरीण," असंही नाही. असा माणूस मला हळदीकुंकवाला सोबत हवा. लग्नाच्या पंगतीत तर पाठीशीच उभा हवा, श्रीखंडाची वाढपीण वळली की शिट्टी.

परत आल्यावर ट्रॅकवर मी सगळं सांगितलं. अजगर एकदा गिळला की आठवडे-आठवडे तोंड उघडत नाही, यानं काका खूश झाले. हत्ती दिवसाचे सोळा-सोळा तास खातच असतो, यावर वहिनी म्हणाल्या, "म्हणून तर एवढा बुद्धिमान." वजनाचा मुद्दा दोघांनीही काढला नाही.

"मुंबईला कशाला जायचं?" एचएएलवाले भाऊ म्हणाले. "आपलं नांदूरमध्यमेश्वर काय वाईट आहे? गोदावरी-कादवेचा संगम, थंडीत परदेशी पक्षी. २०२० साली पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं, राज्यात पहिलं!"

ते पक्षी हजारो किलोमीटर उडण्याआधी अंगावर चरबी साठवतात, हेही त्यांनी सांगितलं.

"बघा," वहिनी डबी उघडत म्हणाल्या, "प्रवासाआधी खावंच लागतं."

थंडी सुरू झाली की जायचंच, असं तिथल्या तिथं ठरलं. पहाटे अंधारात निघायचं. तिकडेच ओळखीच्या शेतावर हुरडा सांगायचा. शेंगदाण्याची चटणी वहिनींची, दही भाऊंचं, गूळ काकांचा, कारण हुरडा भाजणीत येतो तसा खायचा असतो आणि त्याला पंचावन्न मिनिटांचं बंधन लागू नाही, असा निर्णय काकांनी स्वतःच दिला. माझ्याकडे थालीपीठं आली, घरची. बाकी सगळं जिथल्या तिथं लागलं. दुर्बीण कुणी आणायची, एवढं तेवढं बोलायचं राहिलं.