रात्रीची टॅक्सी आणि 'एक आई' यांची हरकत

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एकट्याच्या टॅक्सीप्रवासावर मी लिहिलेल्या लेखाला आपण 'एक आई' या नावाने दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपली मुलगी लातूरहून पुण्याला शिकायला आली आहे, ट्रॅव्हल्सची गाडी तिला पहाटे साडेचारला हडपसरच्या गाडीतळावर उतरवते, आणि अशा वेळी 'ॲपवरची टॅक्सी सुरक्षित असते' असे मी लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या लेकीच्या जिवाशी खेळणे होय, असे आपण म्हणता. पुण्यातील २००७ आणि २००९ ची, तसेच दिल्लीतील २०१४ ची, टॅक्सीचालकाने तरुणीवर अत्याचार केल्याची घटना मी सोयीस्करपणे विसरले, असाही आपला आक्षेप आहे. विसरले नव्हते, पण लिहायला हवे होते ते लिहिले नाही, हे मान्य करते.

या तिन्ही घटना एकाच प्रकारच्या नाहीत. नोव्हेंबर २००७ मध्ये बीपीओतील तरुणीला रात्रपाळीसाठी न्यायला आलेली गाडी कंपनीसाठी ठरवलेलीच होती, पण तीत चालकाखेरीज त्याचा मित्रही बसलेला होता. ऑक्टोबर २००९ मध्ये खराडीत घरी जाण्यासाठी वाहनाची वाट पाहत असलेल्या तरुणीला एका कॅबचालकाने सोडतो म्हणून गाडीत घेतले. ती फेरी कुणाच्याही वहीत नव्हती. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत मात्र गाडी ॲपवरूनच बोलावलेली होती. प्रवासात तरुणीला डुलकी लागली, चालकाने गाडी भलतीकडे नेली, आणि पुढे त्याचा चारित्र्याचा दाखलाच बनावट असल्याचे उघड झाले. माझे ते वाक्य इथे टिकत नाही. ॲपमुळे गाडीची नोंद राहते, नोंदीमुळे चालक लवकर सापडतो. पण नोंद काही त्याचा हात धरत नाही.

आपण सुचवलेला पर्याय एसटीचा आहे. चाळीस प्रवासी आणि वाहक असलेल्या धावत्या लाल परीइतके सुरक्षित वाहन मलाही दुसरे दिसत नाही. परंतु फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटच्या आगारात 'ताई' म्हणून हाक मारून एका तरुणीला उभ्या शिवशाही बसकडे नेऊन तिच्यावर अत्याचार केल्याच्या आरोपाचे प्रकरण आपल्याला ठाऊक असेलच, आणि ते नसते तरी स्थानकापासून वसतिगृहापर्यंतचे सात-आठ किलोमीटर उरतातच. ते मित्राच्या दुचाकीवर पार करणे अनेक पालकांना टॅक्सीपेक्षा बरे वाटते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती, हा आकडा त्या हिशेबात कधी धरला जात नाही.

'स्वतःची मुलगी असती तर असे लिहिले नसते,' हे वाक्य मला लागले. मला मुलगी नाही, पण बारा वर्षे मी मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर होते आणि फाटकावरची नोंदवही रोज रात्री माझ्या टेबलावर येत असे. त्या वहीत एका मुलीने रात्री अकरा चाळीसला 'मावशीने सोडले' असे लिहिले होते. अक्षर इतके वाकडे होते की मी तिला खाली बोलावून घेतले. तिने टॅक्सी केली होती. चालकाने बाह्यवळणावर गाडी वळवून डिझेल भरायचे म्हणून एका अंधाऱ्या पंपाशी उभी केली, आणि तेथे दोन माणसांशी तो बोलत राहिला. काही घडले नाही. पण ती चाळीस मिनिटे हातात फोन धरून बसली होती आणि तिने कुणालाही फोन लावला नाही, कारण घरून टॅक्सीला सक्त मनाई होती. फोन केला असता तर आधी टॅक्सीत का बसलीस याचेच उत्तर द्यावे लागले असते. ताई, मला काळजी त्या चालकाची नाही, त्या न लावलेल्या फोनची वाटते. मनाई केल्याने मुली टॅक्सीत बसायच्या थांबत नाहीत, सांगायच्या थांबतात.

म्हणून आपल्या मुलीला मी काय सांगेन ते लिहिते. गाडी समोर आली की आधी क्रमांकाची पाटी पाहावी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असली तर वाहन भाड्याचे (विजेवरच्या गाडीची पाटी हिरवी, अक्षरे पिवळी), पांढरी पाटी असली तर खासगी. वाकडच्या पुलाखाली 'मुंबई, मुंबई' ओरडणाऱ्या पांढऱ्या पाटीच्या गाड्यांत कितीही घाई असली तरी बसू नये. क्रमांक जुळल्याखेरीज ओटीपी सांगू नये. 'ती गाडी गॅरेजला गेली, ही भावाची आणली' हे उत्तर मी स्वतः पुणे स्टेशनबाहेर ऐकले आहे, आणि तो चालक कदाचित खरेच बोलत असेल, तरी फेरी रद्द करावी. पुढच्या सीटवर चालकाचा मित्र, भाचा, कुणीही असला तरी तेच. मागचे दार उघडल्यावर त्याच्या कडेला, कुलपाजवळ, चाइल्ड लॉकची छोटी खिट्टी असते. ती लावलेली असेल तर दार आतून उघडत नाही, म्हणून बसण्याआधी तिच्यावर नजर टाकावी. पट्टा लावावा, झोपू नये, घरी लोकेशन पाठवावे, आणि रस्ता अनोळखी वाटला तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावायला संकोच करू नये. टॅक्सीत बसवलेल्या आपत्कालीन लाल बटणाचा मात्र मला फारसा भरवसा नाही. मी पाहिलेल्या एका गाडीत ते सीटच्या कव्हराखाली शिवले गेले होते.

हे सगळे मुलांनाही लागू आहे. पहाटे लुबाडल्या गेलेल्या मुलांच्या कथा घरी सांगितल्या जात नाहीत, एवढाच फरक.

भाड्याविषयी आपण लिहिले आहे ते रास्त आहे. पहाटे साडेचारला ॲप दुप्पट भाडे मागत असेल, तर गाडीतळावरच्या चहाच्या टपरीवर, चार माणसांत आणि उजेडात, पीएमपीची पहिली बस सुटेपर्यंत थांबणे मला अधिक पटते. मूळ लेखातील ज्या वाक्यावर आपण बोट ठेवलेत ते मी आज काढले असून त्याच्या जागी दिल्लीची घटना आणि चाइल्ड लॉकची सूचना घातली आहे.