आर्क जिंकला म्हणजे जगात पहिला?

ऑक्टोबरचा पहिला रविवार जवळ आला की रेसच्या शौकिनांमध्ये एक मजकूर हमखास फिरतो. पॅरिसच्या लाँशाँ रेसकोर्सवरची ‘प्री द लार्क द त्रियोंफ’, म्हणजे सगळे जिला नुसती आर्क म्हणतात ती शर्यत, जो जिंकतो तोच जगातला सर्वश्रेष्ठ घोडा. 1920 पासून हे असंच चालत आलंय. जगभरचे उत्तम घोडे तिथे समोरासमोर येतात. जपानी घोड्यांना ती जिंकता येत नाही, यावरूनच त्यांची लायकी कळते. आर्क मलाही फार आवडते, पण या मजकुरातलं एकेक विधान हातात घेतलं की ते ढासळायला लागतं.

आधी ‘1920 पासून’ बघू. पहिली आर्क 3 ऑक्टोबर 1920 रोजी झाली. ती जिंकणारा कॉम्रेड एक वर्षाचा असताना अवघ्या 25 गिनींना (गिनी हे जुनं इंग्रजी चलन) विकला गेला होता. त्या काळात फ्रान्समधली खरी मानाची शर्यत होती 1863 पासून चालत आलेली ग्राँ प्री द पारी, पण ती फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची. तीन वर्षांचे आणि त्याहून मोठे, फ्रेंच आणि परदेशी असे सगळे एकमेकांना भिडावेत म्हणून आर्क काढली गेली. हेतू चांगला होता, मान मात्र लगेच मिळाला नाही. 1939 आणि 1940 मध्ये शर्यत झालीच नाही. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि 1943-44 मध्ये लाँशाँ सोडून ल त्रांब्लेच्या ट्रॅकवर धावली. ऐन महायुद्धात तिथे जगभरचे घोडे कुठून येणार होते? बक्षिसाची रक्कम डोळ्यांत भरण्याइतकी वाढली ती 1949 मध्ये, तीही लॉटरीच्या आधाराने. त्या वर्षी कापड उद्योगपती मार्सेल बूसाक यांची घोडी कोरोनेशन जिंकली. (ख्रिस्तियाँ दिओरच्या फॅशन-घराला भांडवल पुरवणारे ते हेच गृहस्थ.) म्हणजे आजचा दरारा महायुद्धानंतरचा आहे.

आता ‘जगभरचे उत्तम घोडे’. माझ्या मते मजकुराचा सगळ्यात कच्चा दुवा हाच. पुढची पैदास डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या या शर्यतीत शंभर वर्षांहून अधिक काळ खच्ची केलेल्या घोड्यांना, म्हणजे गेल्डिंगना, दार बंद होतं. सिरूस देझेग्ल हा फ्रेंच घोडा गेल्डिंगच. 2011 मध्ये त्याने इंग्लंडमधल्या ॲस्कटला चॅम्पियन स्टेक्स ही शर्यत जिंकली, पुढच्या वर्षी दुबईत शीमा क्लासिक. 2014 च्या एप्रिलमध्ये लाँशाँलाच प्री गाने ही 2100 मीटरची शर्यत होती. समोर होती त्रेव, आदल्या ऑक्टोबरची आर्क विजेती आणि तोवर एकदाही न हरलेली घोडी. शेवटच्या टप्प्यात दोघं खांद्याला खांदा लावून धावली आणि आठ वर्षांच्या सिरूसने मान पुढे काढून तिला हरवलं. त्याच ऑक्टोबरमध्ये त्रेवने सलग दुसरी आर्क जिंकली. सिरूसला त्या शर्यतीत नाव द्यायचीच सोय नव्हती.

हा एखादाच अपवाद म्हणावा, तर 2024 मध्ये पुन्हा तेच घडलं. जुलैमध्ये ॲस्कटच्या किंग जॉर्ज या शर्यतीत गोलायथने ब्लूस्टॉकिंग या घोडीला स्वच्छ हरवलं. ऑक्टोबरमध्ये आर्क जिंकली ब्लूस्टॉकिंगने. गोलायथ गेल्डिंग, म्हणून बाहेर. ज्याने तुम्हाला दोन-अडीच महिन्यांपूर्वी हरवलं त्याला आतच घेतलं नाही, तर ‘जगात पहिला’ कोणत्या तोंडाने म्हणायचं?

गेल्डिंग नसलेलेही बरेच फिरकत नाहीत. फ्रँकेल चौदा शर्यती धावला, चौदाही जिंकला आणि आर्कच्या 2400 मीटरला कधी उतरलाच नाही. 2023 मध्ये जागतिक क्रमवारीत पहिला होता जपानचा इक्विनॉक्स. तोही आर्क कधी धावला नाही.

वजनाचं थोडक्यात. तीन वर्षांच्या घोड्याच्या पाठीवर 56.5 किलो, मोठ्याच्या 59.5, आणि घोडीला दीड किलो सूट. वयाचा फरक भरून काढायला हे हवंच, पण तो शेवटी अंदाज आहे. 2018 मध्ये एनेबल 58 किलो घेऊन जिंकली, तीही निसटती. तीन वर्षांची सी ऑफ क्लास 55 किलो घेऊन ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला असलेल्या सुरुवातीच्या गेटमधून निघाली, वळणावर जवळजवळ सगळ्यांच्या मागे होती, आणि शेवटी अंतर उरलं जेमतेम मानेएवढं. एनेबलचं श्रेय मी कमी करत नाही. पण तिथे गेट आणि वाट मिळणं किती मोलाचं असतं, ते त्या सरळ पट्ट्यात दिसलं.

आणि जपान. 2025 पर्यंत एकही जपानी घोडा आर्क जिंकलेला नाही, हे खरं. पण दुसरा क्रमांक चारदा आला: 1999 मध्ये एल काँडोर पासा, 2010 मध्ये नाकायामा फेस्टा, 2012 आणि 2013 मध्ये ऑर्फेव्र. 2012 मध्ये तर ऑर्फेव्र शेवटच्या पट्ट्यात एकटा पुढे निघाला होता. मग तो उजवीकडे रेलिंगकडे ओढला गेला, ढिला पडला, आणि जिच्यावर फारसं कुणी पैसे लावले नव्हते त्या सोलेमियाने त्याला अगदी शेवटी गाठलं. ऑक्टोबरात लाँशाँचा ट्रॅक बऱ्याचदा ओला आणि जड असतो, टोकियोचा टणक आणि वेगवान. उलटी परीक्षा घेतली की काय होतं? 1999 मध्ये एल काँडोर पासाला हरवणारा माँझ्यू पुढच्याच महिन्यात टोकियोला जपान कप या शर्यतीसाठी गेला आणि चौथा आला. 2011 मध्ये डेनड्रीमने 2 मिनिटं 24.49 सेकंदांत आर्क जिंकली, लाँशाँचा विक्रम केला, आणि त्याच वर्षी टोकियोत जपान कपमध्ये सहावी आली. मग युरोपच्या घोड्यांचीही लायकी काढायची का?

मजकूर लिहिणाऱ्याचा घोटाळा कुठे होतो तेही दिसतं. आर्कला अनेकदा ‘वर्षातली सर्वोत्तम शर्यत’ ठरवलं गेलंय. पण तो मान पहिल्या चार घोड्यांच्या रेटिंगच्या, म्हणजे कामगिरीवरून दिलेल्या गुणांच्या, सरासरीवर मिळतो, एकट्या विजेत्याला नाही. चौघं तगडे असले की शर्यत मोठी ठरते. त्या वर्षी पाचवा कुणी तगडा टोकियोत किंवा हाँगकाँगच्या तबेल्यात उभा असेल, तर ही सरासरी त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही.

मजकुरातलं वर्णन शोभेल असं एक वर्ष मात्र मी मान्य करीन: 1965. इंग्लिश डर्बीचा विजेता सी बर्ड, फ्रेंच डर्बीचा रिलायन्स, आयरिश डर्बीचा मेडो कोर्ट, अमेरिकेतून प्रीकनेस ही शर्यत जिंकून आलेला टॉम रॉल्फ आणि सोव्हिएत रशियाचा अनिलिन, सगळे एकाच गवतावर. सी बर्ड शेवटी डावीकडे भरकटत गेला, तरी सहा लेंथने, म्हणजे साधारण सहा घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने, जिंकला.