खुलासा : बेलर विद्यापीठातली इंजिनिअरिंगची पदवी

अमेरिकेला निघालेल्या मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय : ‘टेक्ससमधलं बेलर हे ख्रिश्चन विद्यापीठ आहे. तिथे फक्त ख्रिश्चनांनाच प्रवेश मिळतो आणि इंजिनिअरिंगची पदवी धार्मिक असल्याने नोकरीत चालत नाही.’ हे खरं नाही.

वेको शहरातलं बेलर 1845 साली बॅप्टिस्ट या ख्रिश्चन पंथाच्या लोकांनी स्थापन केलं. प्रवेशासाठी धर्माची अट नाही. तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पदवीला ‘अबेट’ (ABET) या इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम तपासून मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेची मान्यता आहे. एमआयटी, स्टॅनफर्डच्या मेकॅनिकलचं मूल्यमापनही हीच संस्था करते. अबेटच्या वेबसाइटवर यादी सर्वांसाठी खुली आहे, मी तिथेच पाहिलं. मात्र मान्यता त्या-त्या अभ्यासक्रमाला असते, अख्ख्या विद्यापीठाला नव्हे. म्हणून आपली शाखा यादीत आहे का, हे जरूर बघा.

मेसेजमागे खरा धागा एवढाच, की बायबल आणि ख्रिस्ती परंपरा यांवरचे विषय इंजिनिअरिंगच्या मुलांनाही घ्यावे लागतात. ते कुणाला नको वाटू शकतात, आणि हे आधी माहीत असणं मुलांचा हक्कच आहे. पण त्यामुळे कॅल्क्युलस, थर्मोडायनॅमिक्स कमी होत नाही.

अर्जांच्या दिवसांत अशा मेसेजने मुलं हकनाक घाबरतात. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.