ग्राइंडर घ्यावा तर सेटिंग मोजून

घरी कॉफी दळायचं ठरवलंत? छान. पैसे बेताचे आहेत? त्याहून छान. चुकीचा ग्राइंडर घ्यायला बेताचे पैसे अगदी पुरतात, हे मी गेल्याच आठवड्यात स्वतः करून पाहिलंय. तेव्हा अनुभवाचे बोल ऐका.

आधी वॉट बघा. जितके जास्त तितकं चांगलं. कॉफीच्या बिया म्हणजे काळा कातळ, आणि आपल्याला त्यातून रस्ता काढायचाय.

रंग किटलीला शोभला पाहिजे. इथे तडजोड नको.

मिक्सरसारखी पाती असलेला ग्राइंडर दिसला तर सोडू नका. त्यात कॉफी दळली जात नाही, झोडपली जाते. एकाच खेपेत पिठीही मिळते आणि खडेही. पिठीतून कडवटपणा उतरतो, खड्यांतून नुसता आंबटपणा. बाकीचे लोक कपभर कॉफीत एकाच चवीवर समाधान मानतात, तुम्हाला दोन मिळतील. खडे राहिले म्हणून आणखी फिरवलंत की पिठी वाढते. मग ती गाळणीत बसते आणि पाणी खाली उतरायचं नाव घेत नाही. तेवढ्यात तुमची आंघोळ उरकते.

हाताने फिरवायचा ग्राइंडर मात्र चुकूनही घेऊ नका. त्यात मोटारीचे पैसे वाचतात आणि बनवणारा चांगला असेल तर ते नेमके नको तिथे जातात: स्टीलच्या धारदार बर्रमध्ये (म्हणजे बी दळणाऱ्या दातेरी भागांत), आणि दांडा डुगडुगू नये म्हणून वर-खाली बसवलेल्या बेअरिंगमध्ये. अडतीसेक मिलिमीटरचे शंकूसारखे बर्र असले की फिल्टर कॉफीपुरती वीस ग्रॅम बी मिनिटभरात दळून होते. कोण मिनिटभर हात हलवणार? (घ्यायचाच असेल तर हँडल धरून दांडा डावी-उजवीकडे हलवून बघा. हलला तर तुमचं नशीबही हलेल.)

आता मुख्य गोष्ट, सेटिंग, म्हणजे दळण किती बारीक किंवा जाड हवं त्याचा आकडा. खोक्यावर जितके आकडे, तितका ग्राइंडर थोर. माझ्या खोक्यावर होतं: ‘बर्र ग्राइंडर, १८ सेटिंग, एस्प्रेसोपासून फ्रेंच प्रेसपर्यंत’. म्हणजे यंत्राच्या दाबाने काढायच्या कॉफीच्या बारीक दळणापासून भांड्यात भिजवून जाळीने दाबायच्या कॉफीच्या जाड दळणापर्यंत. मी भाळले. बर्र म्हणजे काय, जातंच की ते. दोन दातेरी तळ्या, एक स्थिर, एक फिरती. मधल्या फटीत मावेल एवढी बारीक झाल्याशिवाय बी बाहेर पडत नाही. सगळी करामत त्या फटीची. आता ऐका. ३ वर दळली, १२ वर दळली, शेवटी १८ वर दळली. बटण फिरताना टकटक आवाज मात्र झकास करतं. तिन्ही खेपा एकाच चहाच्या गाळणीतून चाळल्या, खाली पडलेली धूळ जवळपास तेवढीच. १८ वरच्या जाड दळणाची फ्रेंच प्रेस केली तर कपाच्या तळाशी चिखल! मग स्क्रू काढून आत बघितलं. आत धार नावाची गोष्टच नाही. बोथट खुंट्या असलेल्या दोन चकत्या, मोटार त्या गरागरा फिरवते आणि बी आपटून आपटून फुटते. वरची चकती बोटाने ढकलली तर हलली. म्हणजे हेही झोडपणंच, फक्त पात्यांऐवजी खुंट्यांनी, आणि पैसे बर्रचे! एस्प्रेसोत फट काही शतांश मिलिमीटरने बदलली तरी कप बदलतो, आणि इथे चकतीच जागेवर राहत नाही. मग ते १८ आकडे कशाचे आहेत? पंचांगाचे?

तक्रार केली. उत्तर आलं, ‘मॅडम, बी जुनी असेल.’

हो, पूड डब्याला, ओट्याला, बाहीला चिकटते ते राहिलंच. ती घर्षणातून आलेल्या विजेने चिकटते. दळण्याआधी बियांवर पाण्याचे दोन-चार थेंब टाकून हलवलं की चिकटणं बरंच कमी होतं. २०२३ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन यांनी चक्क ज्वालामुखीच्या अभ्यासकांना सोबत घेऊन हे तपासलं. माझ्या ओट्यावर उडालेली राख बघता माणसं योग्यच निवडली म्हणायची.

खरेदीआधी अभिप्राय जरूर वाचा. मी वाचले होते. ‘पॅकिंग उत्तम, वेळेत मिळाला, अजून वापरला नाही. पाच तारे.’ ‘भावाला भेट दिला, त्याला आवडला असावा. पाच तारे.’

अरे, वापरला नाहीत तर लिहिता कशाला? तुमच्या त्या पाच ताऱ्यांवर विसंबून मी पैसे घातले! आणि बनवणाऱ्यांनो, स्वस्त वस्तू बनवा, कोण नको म्हणतंय? पात्यांचा असेल तर पात्यांचा म्हणून विका. आम्हीही बघून घेऊ. पण बोथट खुंट्यांना बर्र म्हणायचं, हलत्या चकतीवर १८ आकडे छापायचे आणि वर माझ्या बियांना जुनं म्हणायचं? दहा दिवसांपूर्वी भाजलेली बी होती ती. तारीख पाकिटावर छापलेली आहे, फोटो पाठवलाय, जरा उघडून तरी बघा!